चपलेच्या फुलावरचा पहारा

माझी बायको म्हणते, मला प्रत्यक्ष देव भेटला तरी मी आधी त्याचं ओळखपत्र मागेन. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बिजली खात्यात माझी सगळी नोकरी लोकांचे मीटर तपासण्यात गेली. मीटर मंद करणारे, खांबावर आकडा टाकून घर उजळणारे, पकडले गेल्यावर चहाचा आग्रह करणारे, असे नाना नमुने पाहिले. ज्या घरी चहा फार गोड मिळतो, त्या घरचं सील आधी तपासायचं, एवढं त्यातून शिकलो. माणूस निवृत्त होतो, पण डोळा होत नाही.

स्लिपर ऑर्किडशी माझी ओळखही संशयातूनच झाली. फुलांच्या एका प्रदर्शनात ते ठेवलं होतं. हिरवट पाकळ्या, त्यांच्यावर जांभळे ठिपके, मागे पट्ट्यापट्ट्यांची एक उभी पाकळी आणि पुढे आलेली पिशवी, थेट चपलेच्या पुढच्या भागासारखी. एवढं गुळगुळीत फूल खरं असूच शकत नाही, असं मला वाटलं, म्हणून मी त्याला नख लावून पाहिलं. स्टॉलवरच्या बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "भाईसाब, असली है. अब दाग पड़ेगा ना." चार लोक बघत होते. मी इतका खजील झालो की त्याच जातीचं, फूल नसलेलं एक रोप विकत घेऊनच तिथून निघालो.

मल्हारगंजातल्या आमच्या घराला खाली दुकान आहे, वर आम्ही दोघं राहतो आणि त्याच्या वर गच्ची आहे. गच्चीवर एक खोली, पाण्याची टाकी आणि हिरव्या जाळीखाली माझी ऑर्किडं. रोपं हळूहळू वाढत पाच-सहा झाली, पण जीव त्या पहिल्या रोपातच होता. इंदूरची हवा त्याला मुळीच मानवणारी नाही. मे महिन्यात इथे माणसं वाळतात, तिथे त्या रोपाची काय कथा. मी खाली खडी आणि पाण्याचा ट्रे ठेवला, ओली गोणपाटं टांगली, गरम वाऱ्याची लू फारच चालली की कुंड्या कूलरच्या खोलीत आणल्या. बोअरिंगचं पाणी घातलं की कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालींवर पांढरा थर धरतो, म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवलं. बायको म्हणायची, "पोरांच्या बाटल्या तुम्ही कधी उकळल्या नाहीत, आणि या गमल्यासाठी पानी छानून ठेवता."

या झाडाच्या दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. एक म्हणजे त्याच्या पानांचा एक झुबका आयुष्यात एकदाच फुलतो. मग त्याच्या शेजारून नवा कोंब येतो, तो वाढतो, तीन-चार वर्षांनी जुळलं तर फुलतो. दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी सालीला घालायचं, कडेकडेने. पानांच्या मधोमध जो गाभा असतो, जिथून कळी वर येते, तिथे पाणी साचू द्यायचं नाही. साचलं तर कळी आतल्या आत कुजते. म्हणून आमच्या घरात नियम होता की त्या कुंड्यांना माझ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. खरकट्या हाताने नाही, धुतलेल्या हातानेही नाही. धुणंवाली बाई जाळीच्या बाजूला फिरकायची नाही. आलेले पाहुणे हात पाठीमागे बांधून बघायचे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्याला पहिली कळी आली. पानांच्या गाभ्यात हिरवं टोक दिसलं तेव्हा मी बायकोला हाक मारून वर बोलावलं. आणि आठ-पंधरा दिवसांत ते टोक काळं पडलं. बोट लावलं तर मऊ लागलं. तो झुबका मग मुळापासून गेला, बाजूचा एक तेवढा वाचला. कबुतरांवर संशय घेतला, माकडांवर घेतला, शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्यांवर घेतला. त्याच थंडीत आमची गच्चीवरची तुळसही वाळली होती. पुढे बायकोने दुसरी लावली, तीही तगली नाही. मला वाटलं, कुणीतरी माझ्या गच्चीवर डोळा ठेवून आहे.

बायको मात्र पहिल्यापासून संशयातून बाद होती. पूजेसाठी दुसऱ्याच्या कुंपणातलं फूल तोडायला तिचा हात कचरत नाही, देवासाठी नेलेल्या फुलाला ती चोरी मानत नाही. पण हे फूल तिच्या उपयोगाचंच नव्हतं. "चपलेचं फूल देवाला कसं वाहणार?" असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ज्याचा फायदा नाही त्याच्यावर संशय नाही, हा माझा नोकरीतला नियम.

राखीच्या सुमाराला गच्चीवरची खोली आम्ही एका मुलीला दिली. साताऱ्याकडची, पिथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला लागलेली. सकाळी बड़ा गणपतीच्या चौकातून तिची कंपनीची बस असे. बायको गमला म्हणते तर ती कुंडी म्हणायची, आम्ही पोछा मारतो तर ती फरशी पुसायची, आणि बायकोला तिचं बोलणं इतकं गोड वाटायचं की तिला मुद्दाम बसवून घ्यायची. आमची मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून स्वयंपाकघरात बायको एकटीच बोलत असे. आता तिला ऐकणारं माणूस मिळालं. संध्याकाळी दोघींचा चहा अर्धा-पाऊण तास चाले.

खोली देताना मी त्या मुलीला जाळीखाली उभं करून सगळं सांगितलं. कुठे हात लावायचा नाही, पाणी का घालायचं नाही, गाभ्यात थेंब साचला तर काय होतं, मागच्या वर्षी काय झालं. तिने नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे थेंब दिसला तर लगेच टिपायचा का, काका?" मी म्हटलं, "थेंब पडूच द्यायचा नाही." एवढ्या बारकाईने विचारणारं माणूस मला आवडत नाही. मीटरचं सील कसं असतं असं विचारणारा मनुष्य सहसा ज्ञानासाठी विचारत नसतो.

दिवाळीनंतर रात्री गार पडू लागल्या आणि वाचलेल्या झुबक्यात पुन्हा हिरवं टोक दिसलं. या खेपेला मी कुणाला सांगितलं नाही. दुधाने तोंड पोळलं होतं. हे गेलं तर बाजूचा कोंब बोटभरच होता, म्हणजे पुन्हा तीन-चार वर्षं. माझ्या वयात एवढी वर्षं धरून चालता येत नाहीत. मला ते फूल एकदा माझ्या गच्चीवर, माझ्या हातून फुललेलं बघायचं होतं. एवढंच मागणं होतं, आणि ते कुणीतरी हिसकावून नेणार असं मनात घर करून बसलं होतं.

सकाळचा माझा क्रम ठरलेला. अंधार सरला की फिरायला जायचं, येताना मित्रांबरोबर पोहे-जलेबी, मग घर. तोवर बायकोची पूजा आटोपलेली असे, गच्चीवर जाऊन सूर्याला पाणीही देऊन झालेलं असे. मी आल्या आल्या वर जाऊन कळी बघायचो. आणि पुष्कळदा ती मुलगी जाळीपाशीच दिसायची. मला बघितलं की सरळ व्हायची. "गुड मॉर्निंग काका," म्हणायची. उजवी मूठ मिटलेली असायची.

मिटलेली मूठ मी लक्षात ठेवली. मग इतर गोष्टी आपोआप जुळत गेल्या. एक दिवस बायको कौतुकाने म्हणाली, "गुणी आहे हो पोरगी. माझ्याकडून फुलवाती मागून नेते. वर दिवा लावत असेल." मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तिच्या खिडकीतून आत पाहिलं. खोलीत देव नव्हता, समई नव्हती, साधं निरांजनही नव्हतं. मग वाती जात होत्या कुठे? दोन दिवसांनी उत्तर मिळालं. ऑर्किडच्या कुंडीमागे, भिंतीच्या कडेला एक फुलवात पडली होती. जळालेली नाही, ओली. आणि तिला कुंकवाची लाली लागलेली.

पोह्यांच्या दुकानावर मी ही गोष्ट मित्राच्या कानावर घातली, नाव न घेता. त्याने जलेबी हातातच धरून ठेवली. "अरे भिया, गीली बत्ती, ऊपर से कुंकू, वो भी गमले के पीछे? ये तो सीधा-सीधा टोटका है," तो म्हणाला. माझा असल्या जादूटोण्यावर विश्वास नाही. पण विश्वास नसलेली गोष्टही डोक्यात शिरली की बाहेर निघत नाही. परतताना मी विचार करत होतो की एका परक्या पोरीला माझ्या झाडाशी काय वैर असावं. कारण सापडत नव्हतं, आणि कारण सापडत नाही म्हणूनच संशय वाढत होता.

घरी बायकोजवळ विषय काढला तर तिने मला झाडलं. "अहो, उगाच शक करू नका बेचारीवर. एकटी राहते, दूर आई-बाप. तुम्हाला तर आंघोळीच्या पाण्याचा पण शक येतो."

एका सकाळी मी पोहे अर्धेच खाऊन उठलो. घरी आलो, चपला खालीच काढल्या आणि आवाज न करता जिना चढलो. बायको पूजेचं ताम्हन घेऊन उतरत होती, आम्ही जिन्यातच एकमेकांना वाट दिली. वर मुलगी जाळीखाली वाकलेली होती. डाव्या हाताने तिने पान अलगद बाजूला धरलं होतं आणि उजव्या हातातली फुलवात थेट गाभ्यात घातली होती.

"काय घालतेस त्यात?"

ती दचकली. "घालत नाही काका. काढतेय."

"काय काढतेस?"

"पाणी."

"पाणी आलं कुठून? मी तर आज घातलं नाही."

तिने माझ्या खांद्यावरून जिन्याच्या दाराकडे पाहिलं. खाली बायकोच्या पैंजणांसारख्या वाजणाऱ्या किल्ल्यांचा आवाज येत होता. मुलीने नुसती मूठ उघडली, ओली वात तळहातावर दाखवली, आणि पुन्हा मिटली.

माझ्या नोकरीत गप्प राहणारा माणूस म्हणजे पकडलेला माणूस. निर्दोष असतो तो आरडाओरडा करतो. मी हळू आवाजात तिला सांगितलं की महिनाअखेर तिने दुसरी खोली बघावी. मला वाटलं, रडेल, कारण विचारेल. तिने ओठ घट्ट मिटले, मान हलवली. म्हणाली, "ठीक आहे काका. काकूंना मी सांगते काहीतरी."

ते 'काहीतरी' सुद्धा मला खटकलं. इतक्या सहज खोटं बोलायला तयार होणारी मुलगी.

बायकोला तिने सांगितलं की पिथमपूरच्या वाटेवर, राऊ गावात मैत्रिणींबरोबर जागा मिळाली, बसचा वेळ वाचेल. बायकोने मेतकुटाचा डबा भरला, लाडू केले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गेल्यावर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. संध्याकाळचा चहा पुन्हा एकटीचा झाला. मी मनात म्हटलं, चार दिवसांत विसरेल. कळी तेवढ्यात थोडी वर आली होती, गाभ्याच्या काठाला पोचत होती. मला समाधान वाटलं, नाकारत नाही.

मग एका सकाळी नेहमीपेक्षा लवकर फिरून आलो आणि जाळीखाली वाकलो, तर गाभ्यात पाणी. थेंबभर नाही, चांगलं साचलेलं. त्यात तांदळाचा एक दाणा होता. लाल. कुंकू लावलेली अक्षता.

मी तो दाणा बोटाने काढला आणि बराच वेळ बघत राहिलो. मुलगी तर गेली होती. गच्चीच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. संशय घ्यायला माणूसच उरलं नव्हतं, आणि तरी माझं डोकं कामाला लागलं. दुसऱ्या दिवशी मी फिरायला गेलोच नाही. दार लोटल्याचा आवाज केला आणि मागच्या मागे गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीआड बसलो. थंडीने कान दुखत होते. निवृत्त माणूस स्वतःच्याच गच्चीवर लपून बसलेला कुणी पाहिला असता तर काय म्हणाला असता, हे मनात आलं, पण उठलो नाही.

बायको आली. ओले केस टॉवेलात गुंडाळलेले, एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्या हातात तांब्याचं ताम्हन. तिने सूर्याला पाणी दिलं. मग जाळीखाली गेली, माझ्या कुंडीसमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि ताम्हनातलं देवाच्या स्नानाचं पाणी अगदी बारीक धारेने, मधोमध गाभ्यात ओतलं. ओतताना ओठ हलत होते. शेवटी तिने कुंडीच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

मी टाकीआडून बाहेर आलो. ती घाबरली नाही, उलट मलाच म्हणाली, "इथे काय करताय थंडीत?"

"हे पाणी इथे का घालतेस?"

"मग कुठे घालू?" ती म्हणाली. "तुळस वाळली तेव्हापासून इथेच घालते. देवाचं तीर्थ, पायाखाली नको यायला. नालीत तर टाकणार नाही ना. बाकी सगळ्या गमल्यांना ती धुणंवाली हात लावते, पोरं बॉल मारतात. घरात हा एकच गमला सोवळा. याला तुमच्याशिवाय कोणी शिवत नाही."

ती पुढे म्हणाली, "आणि तुमचा जीव त्याच्यात. मागच्या साली कळी गेली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत नीट. म्हणून रोज तीर्थ घालताना सांगते देवाला, की या वर्षी एक फूल येऊ दे."

तिला सांगायला तोंड उघडलं होतं. पाणी गाभ्यात साचतं, कळी कुजते, मागच्या वर्षीची तूच घालवलीस. सगळी वाक्यं तयार होती. ती ओल्या केसांनी उभी होती, माझ्याकडे बघत होती, शाबासकीच्या अपेक्षेनेच म्हणा ना. मी म्हटलं, "थंडी आहे. खाली जा." आणि तेव्हा मला कळलं की त्या मुलीने जिन्याकडे का पाहिलं होतं. मला सांगितलं असतं तर मी बायकोवर ओरडलो असतो. बायकोला सांगायचं तर देवाचं तीर्थ झाडाला बाधतं असं म्हणावं लागलं असतं. तिने तिसरा रस्ता काढला होता, रोज कारखान्याच्या बसआधी, आणि तोही माझ्याच तोंडून ऐकलेल्या नियमाप्रमाणे. थेंब दिसला तर टिपायचा. मला लाज वाटली. इतकी की त्या सकाळी मी पुन्हा टाकीआड जाऊन बसलो.

मग देवघरातल्या डब्यातून एक फुलवात काढली आणि वर येऊन पाणी टिपलं. दुसऱ्या दिवशीही. तुळशीचं रोप आणतो म्हटलं तर बायको म्हणाली, "आता थंडीत नको, पुन्हा जळेल." सकाळचं फिरणं मी उशिरा केलं. ती उतरली की मी चढायचो. तिच्या हे लक्षात आलंच. "वाती कशा संपतात हो इतक्या? ती तर गेली," असं एकदा म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. संशय आमच्या घरातून गेला नव्हता, फक्त त्याने जागा बदलली होती. फोन हातात घेऊन मुलीचा नंबर मी दोन-तीनदा काढला, आणि पुन्हा ठेवून दिला. बोलायची सुरुवात काय करायची तेच सुचत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी फूल उमललं. आधी मागची पाकळी सुटली, मग बाजूच्या, शेवटी ती पिशवी चकचकीत होऊन पुढे आली. बायको हात जोडून म्हणाली, "आलं ना? मी सांगत होते." मी म्हटलं, "आलं." मला आनंद झाला, खूप झाला, पण तो पूर्ण माझा नव्हता. दांडा वर निघाला, कळी पाण्याच्या वर आली, हे ज्या दिवसांवर अवलंबून होतं त्यांतले बरेच दिवस मी नुसता पहारा केला होता.

हळदीकुंकवाला बायकोने त्या मुलीला आग्रहाने बोलावलं. राऊहून ती आली, साडी नेसून. बायकोने तिला आधी गच्चीवर नेलं, "बघ तरी काकांचं फूल," म्हणून. खाली कुणी बाया आल्या तशी बायको लगबगीने उतरली, आणि वर आम्ही दोघंच राहिलो. मुलगी हात पाठीमागे बांधून फुलाकडे बघत होती. मग तिची नजर कुंडीच्या मागे गेली. सकाळची ओली वात मी तिथेच टाकली होती.

"आता तुम्ही टिपता?" तिने विचारलं.

"हो."

"काकूंना सांगितलं नाहीत ना?"

"नाही."

तिला बरं वाटलेलं दिसलं. मी घसा साफ केला. चूक झाली, हे शब्द मी आयुष्यात फारसे वापरलेले नाहीत, त्यामुळे जे सुचलं ते बोललो. "खोली रिकामीच आहे. कुणाला दिली नाही. काकू एकट्याच चहा पितात."

"नको काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिकडे मी कधी जाते, कधी येते, कुणी बघत नाही. बरं वाटतं."

तिने पर्समधली कागदाची पुडी काढली, तीतली एक वडी माझ्या हातावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. "तिळगूळ घ्या काका," म्हणाली. पुढचं 'गोड बोला' ती म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. ती पदर सावरत जिना उतरून गेली.